क्लिपला एसएस घ्यायचं की स्प्रिंग स्टील? आधी ती क्लिप निकामी कशी होणार ते बघा

वसईहून एकाने विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचं प्रेस शॉप आहे, आत्तापर्यंत इलेक्ट्रिकल पॅनलचे ब्रॅकेट, वॉशर असलं काम करत होते, आता चाकणच्या एका कस्टमरकडून ऑटोची तीन ड्रॉइंग आली आहेत. एक वायरिंग हार्नेसची क्लिप, जी चॅसिसच्या पत्र्याच्या कडेवर अंगठ्याने दाबून बसवायची. दुसरा कूलंट होजचा क्लॅम्प. तिसरा सायलेन्सरच्या पाईपचा क्लॅम्प. कस्टमरचा परचेसवाला म्हणतो तिन्ही एसएस ३०४ मध्ये (स्टेनलेस स्टीलची नेहमीची ग्रेड) करा, कटकट नको. वडील म्हणतात सीआरसीए, म्हणजे कोल्ड रोल केलेला साधा मऊ पत्रा मारा आणि वर झिंकचा मुलामा करा, तीस वर्षं हेच चाललंय. कोण बरोबर?

दोघांचंही एकेका पार्टपुरतं बरोबर आहे आणि उरलेल्यावर दोघंही अडकतील. मी २६ वर्षं पट्टीच्या कामात आहे, आधी भांडुपला टूलरूममध्ये आणि नंतर रबाळेला, आणि माझ्या अनुभवात "सगळ्यात चांगला मेटल कुठला" असं विचारून घेतलेला माल जेवढा परत आला तेवढा दुसऱ्या कशाने आला नाही. मेटल निवडताना मी एकच गोष्ट आधी लिहून काढतो, हा पार्ट मरणार कशाने. ढिला पडून, मोडून, गंजून, की उष्णतेने मऊ होऊन. तुमच्या तीन पार्टची तीन वेगळी मरणं आहेत.

पहिली हार्नेसची क्लिप घेऊ, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथेच आहे.

एक गैरसमज आधी काढून टाका. लोकांना वाटतं स्प्रिंग स्टीलची क्लिप साध्या लोखंडापेक्षा "जास्त जोर लावते" म्हणून घट्ट बसते. तसं नाहीये. तेवढ्याच जाडीचा सीआरसीए पत्रा आणि तेवढ्याच जाडीचं हार्डन केलेलं स्प्रिंग स्टील, दोन्ही थोडंसं वाकवायला सारखाच जोर लागतो, दोघांचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, २०५ जीपीएच्या आसपासच असतो, हार्डनिंगने तो बदलत नाही. फरक कुठे पडतो तर सोडल्यावर कोण परत जागेवर येतं त्यात. आणि जोर किती लागेल ते जाडी ठरवते, तेही जाडीच्या घनाने, म्हणजे जाडी १० टक्के वाढली तर जोर ३३ टक्के वाढला.

आकडे टाकून बघा. समजा क्लिपची जीभ २० मिमी लांब, १० मिमी रुंद, आणि कडेवर बसवताना तिचं टोक २ मिमी उचललं जातं. पट्टी ०.८ ची घेतली तर टोकाला साधारण साडेसहा किलोचा जोर येतो आणि जिभेच्या मुळाशी ताण येतो १२३० एमपीए (मेगापास्कल, ताणाचं माप). डीप ड्रॉइंगचा सीआरसीए २०० ते २४० लाच यील्ड होतो (कायमचा वाकतो), म्हणजे पहिल्यांदा बसवतानाच ती जीभ वाकून तशीच राहणार, हाताला वाटेल बसली, आणि खड्ड्यातून दोन दिवस गाडी फिरली की हार्नेस खाली लोंबणार. मुंबईचे पावसाळ्यातले रस्ते असतील तर दोन दिवससुद्धा जास्त झाले. आता तीच जीभ ०.५ ची करा, ताण येतो ७७० च्या आसपास आणि जोर दीडेक किलो. हा ताण हार्डन केलेलं सी-७५ (कार्बन स्प्रिंग स्टील) आरामात पेलतं आणि रोलिंगनेच कडक केलेलं स्टेनलेस, ३०१ फुल हार्ड, तेही पेलतं, त्याचं यील्ड किमान ९६५ असतं. पण ऍनील केलेलं, म्हणजे तापवून मऊ केलेलं ३०४, जे परचेसवाल्याच्या डोक्यात आहे, ते पेलत नाही, त्याचं यील्ड २०५ पासून सुरू होतं, म्हणजे महागडा पैसा देऊन सीआरसीएसारखीच ढिली क्लिप. एसएस म्हणजे स्प्रिंग नव्हे हे कस्टमरला समजावणं हे आपल्या धंद्यातलं अर्धं काम आहे.

मग इथे दोनच रस्ते उरतात.

एक, कार्बन स्प्रिंग स्टील, सी-७० ते सी-८० मधलं. पट्टी मऊ म्हणजे ऍनील्ड घ्यायची, क्लिप पंच करून फॉर्म करायची आणि मग हार्डनिंग टेम्परिंगला पाठवायची, ४२ ते ४८ एचआरसीपर्यंत (रॉकवेल, कडकपणाचं माप). शक्य असेल तर ऑस्टेम्परिंग करून घ्या, सॉल्ट बाथमध्ये, म्हणजे वितळलेल्या मिठात थंड करून, बेनाइट नावाची रचना बनवतात, त्याच हार्डनेसला पार्ट जास्त चिवट राहतो आणि वेडावाकडा कमी होतो. बारीक पट्टीला हे फार छान जमतं कारण आतपर्यंत लगेच थंड होते. भट्टीवाल्याला डीकार्ब बघायला सांगा, अर्धा मिमीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी नुसता ०.०३ मिमीचा थर कार्बन गमावून बसला तरी सगळ्यात जास्त ताण जिथे येतो ती कातडीच मऊ झाली.

दोन, ३०१ स्टेनलेस, फुल हार्ड. याला हार्डनिंगची भट्टी लागत नाही, मिलमध्ये कोल्ड रोलिंगनेच कडक करून येतं, प्लेटिंगही नको. पण कडक पट्टीच वाकवायची असल्यामुळे बेंडची रेडियस मोठी ठेवावी लागते आणि स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर पट्टी थोडी परत उघडणं) एवढा येतो की पहिली डाय पहिल्या ट्रायलला कधीच बरोबर येत नाही, दोनदा तरी उघडावी लागते, कोटेशनमध्ये ते धरा.

दोन्हीकडे पट्टीचा ग्रेन बघून लेआउट करा. मुख्य बेंड रोलिंगच्या दिशेला आडवा यायला हवा. दोन बेंड एकमेकांना काटकोनात असतील तर ब्लँक (कापायचा सपाट तुकडा) ४५ डिग्रीत तिरका लावा, मटेरियल थोडं वाया जातं, जाऊ दे. आणि बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरखरीत कड, बेंडच्या आतल्या बाजूला. हे एवढं केलं तर निम्मे क्रॅक येतच नाहीत.

आता तो धोका. वडील म्हणतात वर झिंक करा. सीआरसीएवर करा, काही होत नाही. हार्डन केलेल्या क्लिपवर साधं इलेक्ट्रो झिंक करायला गेलात तर थांबा.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही एका कस्टमरला ४७ एचआरसीच्या क्लिपा दिल्या, झिंक आणि वर पिवळं पॅसिव्हेशन (झिंक टिकवणारा रासायनिक थर), दिसायला सोन्यासारखा माल. इन्स्पेक्शनला हार्डनेस ओके, डायमेन्शन ओके, हाताने वाकवून बघितल्या, ओके. कस्टमरने संध्याकाळच्या शिफ्टला पॅनलवर बसवल्या आणि सकाळी बघतात तर निम्म्या क्लिपा जमिनीवर, बाकीच्यांचे तुकडे पॅनलवर. कोणी हात लावला नव्हता. हायड्रोजन. ऍसिड पिकलिंगमध्ये (पार्ट साफ करायला ऍसिडात बुडवतात त्यात) आणि झिंकच्या बाथमध्ये हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि झिंकचा थर बसल्यावर बाहेर पडायला वाट राहत नाही. पार्ट ताणाखाली बसला की काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, काचेसारखा मोडतो. प्लेटिंगवाल्याने बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढणं, केलं नव्हतं, पण भांडायला कुठल्या तोंडाने जाणार, आमच्या पीओवर (ऑर्डरच्या कागदावर) बेकिंगचा शब्दच नव्हता. लॉट फुकट गेला, सॉर्टिंगला माणसं पाठवावी लागली ते वेगळंच.

तेव्हापासूनचा माझा नियम, ३९० व्हिकर्सच्या वर, म्हणजे साधारण ४० एचआरसीच्या वर काही असेल तर इलेक्ट्रोप्लेटिंग टाळायचं. टाळता येतच नसेल तर पिकलिंगऐवजी शॉट ब्लास्ट किंवा अल्कलाईन क्लीनिंग, प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत, २०० डिग्रीच्या आसपास आठ तास तरी, आणि पॅसिव्हेशन बेकिंगच्या नंतर, आधी केलं तर तो थर भट्टीत मरतो. एवढं करूनही शंभर टक्के खात्री नसते. त्यापेक्षा झिंक फ्लेक करा, जिओमेट किंवा डेल्टा प्रोटेक्ट या नावांनी माहीत असेल, त्यात करंट नाही, ऍसिड नाही, पार्ट बुडवून गरगर फिरवतात आणि भट्टीत पकवतात. पकवण्याचं तापमान प्रकाराप्रमाणे २०० पासून ३०० च्या थोडं वरपर्यंत जातं, तुमचं टेम्परिंग त्याच्या वर झालेलं असलं पाहिजे एवढं बघा. मेकॅनिकल झिंक (करंट न वापरता ड्रममध्ये झिंकची पूड ठोकून बसवतात) हाही चांगला पर्याय आहे. तो सोनेरी पिवळा रंग मात्र विसरा, त्यातलं विषारी हेक्साव्हॅलंट क्रोम युरोपात गाड्यांमधून २००७ सालीच काढलं गेलं, एक्स्पोर्टचं मॉडेल असेल तर ट्रायव्हॅलंट क्रोमच लागेल.

कोटिंग वेगळं निवडायला नको म्हणून ३०१ घ्यायचा मोह होतो आणि लहान क्लिपला मी स्वतः बऱ्याचदा तेच सुचवतो. फक्त त्यात निकेल असतं, त्याचा भाव ध्यानात ठेवा. मार्च २०२२ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि त्यांना ट्रेडिंगच थांबवावं लागलं होतं. त्या आठवड्यात आम्हाला सकाळी दिलेला ३०१ चा रेट दुपारी कोणी धरत नव्हतं. वर्षभराचा फिक्स रेट देणार असाल तर मटेरियलच्या भाववाढीचा क्लॉज टाकल्याशिवाय सही करू नका.

आता कूलंट होजचा क्लॅम्प. ड्रॉइंगवर नुसतं "क्लॅम्प" लिहिलंय असं तुम्ही म्हणता, पण होज क्लॅम्प तीन जातीचे असतात आणि तिघांना एकमेकांच्या उलट मेटल लागतो.

स्क्रूवाला, म्हणजे वर्म ड्राइव्ह. इथे पट्टी ताणून ठेवायची, परत उसळायची गरज नाही. जर्मन डीआयएन ३०१७ मध्ये याचे डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-५ असे वर्ग आहेत. डब्ल्यू-१ म्हणजे सगळं लोखंड झिंक केलेलं, हे वडिलांचं उत्तर. डब्ल्यू-२ म्हणजे पट्टी आणि घर स्टेनलेस पण स्क्रू झिंकवाला. डब्ल्यू-३ मध्ये ४३० जातीचं स्टेनलेस, डब्ल्यू-४ मध्ये सगळं ३०४ जातीचं, डब्ल्यू-५ मध्ये सगळं ३१६ जातीचं. लोकांना डब्ल्यू-२ म्हणजे स्क्रूत पैसे वाचवलेले वाटतात, पण ३०४ चा स्क्रू ३०४ च्या घरात कोरडा फिरवला की गॉलिंग होऊन, म्हणजे धातू धातूला घासून चिकटून, जाम होतो, तेव्हा झिंकवाल्या स्क्रूचा तिथे उपयोगच होतो. डब्ल्यू-४ बनवायचा असेल तर स्क्रूला ल्युब्रिकंट कोटिंग लिहा.

कानवाला, म्हणजे इअर क्लॅम्प, जो पकडीने चिमटून बंद करतात, ड्राइव्ह शाफ्टच्या बूटवर बघितला असेल. इथे मात्र मऊ मेटलच हवा, कारण कान चिमटल्यावर तो वाकून तसाच राहायला हवा. ऍनील्ड ३०४ यासाठी एकदम बरोबर आहे. एकदा आमच्याकडे स्टोअरमधून चुकून हार्ड कॉईल लागली, सगळे कान चिमट्यात तडकले.

आणि तिसरा स्प्रिंग बँड, कॉन्स्टंट टेन्शनवाला, ज्याचे दोन कान पक्कडीने दाबले की तो उघडतो. गाड्यांच्या रेडिएटर होजला हल्ली हाच जास्त दिसतो आणि त्याला कारण आहे. रबर गरम होऊन, दबून दबून बसतं, स्क्रूवाला क्लॅम्प तेवढाच राहतो आणि गाडी थंड असताना थेंब गळायला लागतो. स्प्रिंगवाला रबराच्या मागे मागे जातो. मुंबईत हा कोल्ड लीक सहसा दिसत नाही, गाडी डिसेंबरात मनालीला गेली की पहाटे दिसतो. याला ५१ सीआरव्ही ४ लागतं, क्रोम व्हॅनेडियम स्प्रिंग स्टील, ऑस्टेम्पर करून वर झिंक फ्लेक. साध्या कार्बन स्टीलची स्प्रिंग सव्वाशे डिग्रीच्या पुढे हळूहळू ताण सोडायला लागते, मोडत नाही, नुसती थकते, आणि इंजिनजवळ तेवढी गरमी असतेच. खरं सांगायचं तर तुमच्या सेटअपमध्ये हा क्लॅम्प पहिल्याच वर्षी घेऊ नका, हा बनवणारे वेगळे लोक आहेत. कस्टमरला विचारून घ्या कुठला हवाय, स्क्रूवाला किंवा कानवाला असेल तर करा.

स्टेनलेसच्या होज क्लॅम्पबद्दल समुद्राकाठच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. ३०४ ताणलेल्या अवस्थेत, ६० डिग्रीच्या वर, आणि खाऱ्या हवेत बराच काळ राहिलं तर त्याला स्ट्रेस कोरोजनने तडे जाऊ शकतात, वरून गंज दिसत नाही आणि पट्टी अचानक तुटते. बोटीच्या इंजिनवर किंवा रोज किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीवर मी ३१६ सुचवीन. नुसते तपकिरी डाग असतील तर ते वेगळं, ते चहाच्या कपाच्या डागासारखे वरवरचे असतात, पुसले जातात.

तिसरा सायलेन्सर क्लॅम्प. इथे परचेसवाल्याचं ३०४ सगळ्यात जास्त पटण्यासारखं वाटतं आणि इथेच ते फसवतं. एक्झॉस्टचा पाईप बहुतेक ४०९ चा (निकेल नसलेलं स्टेनलेस) असतो, विचारून घ्या. ४०९ गरम झाल्यावर जेवढं फुगतं त्याच्या दीडपट ३०४ फुगतं. ५० मिमीच्या पाईपचा घेर १५७ मिमी, ४०० डिग्री तापला की ४०९ चा घेर पाऊण मिमीच्या आत वाढतो आणि ३०४ चा क्लॅम्प तेवढाच तापला तर १.१ मिमी वाढतो. ०.४ मिमीच्या आसपास घट्टपणा गेला, बोल्टचा सगळा ताण त्यात संपतो. क्लॅम्प पाईपपेक्षा थोडा थंड राहतो म्हणून प्रत्यक्षात हिशोब एवढा सरळ नाही, पण दिशा हीच. म्हणून पाईप ४०९ चा असेल तर क्लॅम्पही ४०९, ४३० किंवा ४३९ चाच ठेवा, दोघं बरोबर फुगतात, निकेलही नाही म्हणून स्वस्त. सायलेन्सरच्या मागच्या टोकाला, जिथे कमी तापतं, तिथे ऍल्युमिनाइज्ड पत्राही चालतो. झिंक मात्र नाही, झिंक ४२० डिग्रीला वितळतं आणि त्याचं पॅसिव्हेशन तर त्याच्या कितीतरी आधी मरतं. मॅनिफोल्ड आणि टर्बोजवळचा स्प्रिंगवाला पार्ट असेल तर ३०१ ची स्प्रिंग अडीचशे तीनशेच्या पुढे धरू नका, थोडं पुढे १७-७ पीएच हे स्टेनलेस जातं, त्याच्याही पुढे इनकोनेल एक्स-७५० हा निकेलचा मिश्रधातू, आणि तिथपर्यंत जायचं असेल तर मला नाही, मोठ्या माणसाला विचारा.

शेजारचा मेटल हा विषय वेगळा आहे, पण दोन वाक्यं. ऍल्युमिनियमला तांबं किंवा पितळ ओलाव्यात चिकटून ठेवायचं नाही, ऍल्युमिनियम खाल्लं जातं. छोटी स्टेनलेस क्लिप मोठ्या ऍल्युमिनियम पॅनलवर बऱ्यापैकी निभावते, उलटं, म्हणजे मोठ्या स्टेनलेसवर छोटी साधी लोखंडी क्लिप, ती क्लिप बघता बघता जाते, कारण मोठ्याचा सगळा राग छोट्यावर निघतो. आणि जिथून करंट जायचा असेल, फ्यूज बॉक्स, कनेक्टर, अशी क्लिप फॉस्फर ब्राँझ किंवा बेरिलियम कॉपरची, तो लोखंडाचा विषयच नाही. अजून एक, रबर लायनिंगच्या पी क्लिपला लोक डोळे मिटून ईपीडीएम रबर लावतात, कूलंट आणि ब्रेक ऑइलला ते उत्तम आहे, पण इंजिन ऑइल किंवा डिझेल लागलं की फुगून लगदा होतो, तिथे नायट्राइल रबर लावा.

खरेदीबद्दल. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सीआरसीए पाहिजे तेवढा मिळेल, पण स्प्रिंग पट्टीच्या आणि स्टेनलेसच्या पीओवर ग्रेड, टेम्पर, जाडीचा टॉलरन्स तिन्ही लिहा. "एसएस चांगल्यापैकी" म्हणून मागवलं तर २०० सिरीज येईल, मँगनीजवालं, भांड्यांच्या लायकीचं. आमच्याकडे एकदा ३०४ म्हणून आलेल्या पट्ट्या जुलैत गोडाऊनमध्ये नुसत्या ठेवल्या ठेवल्या तपकिरी झाल्या, पाणीसुद्धा लागलं नव्हतं, हवेनेच. चुंबक लावून तपासायला जाऊ नका. कोल्ड रोल केलेलं अस्सल ३०१ चुंबकाला चिकटतं आणि २०० सिरीजचं मऊ बनावट ३०४ चिकटत नाही, म्हणजे चुंबक तुम्हाला नेमकं उलटं सांगेल. मिलचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागा आणि कॉईलचा हीट नंबर (मिलच्या बॅचचा नंबर) त्याच्याशी जुळवा, पहिल्या लॉटला स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे ते दाखवणारी) करून घ्या, तेवढा खर्च होऊ दे.

कस्टमरला सॉल्ट स्प्रेचे तास किती हवेत ते लेखी विचारा. ८ मायक्रॉन साध्या झिंकला ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशनसकट पांढरा गंज यायला शंभरेक तास धरतात, झिंक निकेल आणि झिंक फ्लेकला लाल गंजासाठी ७२० तास मागतात आणि मिळतातही. फक्त या तासांना वर्षांत बदलायला जाऊ नका, ३५ डिग्रीला सतत पाच टक्के मिठाची फवारणी ही कुठल्याच गाडीची जिंदगी नाही, दोन कोटिंगची तुलना करायला बरी आहे.

म्हणजे तुमचं असं, हार्नेस क्लिप ०.५ मध्ये ३०१ फुल हार्ड, किंवा व्हॉल्यूम मोठा असेल तर सी-७५ वर झिंक फ्लेक. होज क्लॅम्प आधी कुठल्या जातीचा ते विचारा. सायलेन्सरचा पाईपच्याच घराण्यातला. क्लिपचे पहिले ५० नग मात्र कस्टमरच्या सगळ्यात जाड पत्र्यावर बसवून ४८ तास तसेच ठेवा आणि मग मोजा किती शाबूत आहेत, प्लेटिंग कुठलंही असो.

आणि वडिलांना एवढं सांगा की सीआरसीएच्या डायवर फुल हार्ड पट्टी "बघू तरी" म्हणून ट्रायलला टाकू नका. पंच आणि डायमधला क्लिअरन्स वेगळा लागतो, प्रेसचं टनेज तिप्पटीच्या आसपास जातं, आणि साध्या स्टीलचा पंच असेल तर दोन-चारशे नगांत त्याची धार जाईल, डी-२ टूल स्टीलचा तरी करून घ्या.